घोट्यापर्यंत लाल

भट्टी वडिलांनी कुणालाच दिली नाही.

बाकी वाटणी चोख होती. घरच्या सार्वजनिक न्हाणीघराची पुरुषांची बाजू मोरिकाझुला, बायकांची चिझुएला. दवाखान्यातल्या खाटेवर उशीला टेकून, दोन्ही मुलांना समोर उभं करून तोकुजिरोंनी हे स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं. "आणि भट्टी, बाबा?" मोरिकाझुने विचारलं, तसे त्यांनी डोळे मिटले. चिझुएने तेच पुन्हा विचारलं, तर घोरायला लागले. मग घोरणंही थांबलं. ते सोंग करताहेत असंच दोघांना बराच वेळ वाटत राहिलं.

आईचं काय, हे कुणी विचारलं नाही. इसो तिथेच खाटेच्या पायथ्याशी बसून संत्रं सोलत होती.

*

वर

तोकुजिरोंच्या एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी सकाळी उरकले. अस्थी थडग्यात ठेवल्या, भिक्षूला पाकीट दिलं, काळे कपडे घातलेली मंडळी परत आली. 'शिराउमे' या त्यांच्या न्हाणीघराच्या देवळासारख्या छपराखाली, दोन दारांच्या मधोमध, इसो तिच्या गल्ल्यावर जाऊन बसली. न्हाणीघर मालक गेल्यापासून बंद होतं. गल्ल्यावर बसायचं काही कारण नव्हतं. पण दुसरीकडे कुठे बसायचं हे तिला सुचलं नाही.

गल्ला म्हणजे माणसाच्या छातीएवढा उंच लाकडी खोका. डाव्या दाराने पुरुष येतात, उजव्या दाराने बायका. दोघंही मधल्या बाईकडे पैसे देतात आणि आपापल्या बाजूला कपडे काढतात. त्यांच्यात भिंत आहे. बाईला भिंत नाही. तिला वरून दोन्हीकडच्या कपड्यांच्या खोल्या दिसतात आणि काचेच्या दारांतून दोन्हीकडचे हौदही. इसोने अशा प्रकारे अख्खा मोहल्ला पाहिला होता. निवडणूक आली की भिंतींवर कोटातले उमेदवार लागत. त्यांतल्या प्रत्येकाची ढेरी तिला ठाऊक असल्यामुळे मत कुणाला द्यायचं हा प्रश्न तिला नेहमी अवघड जाई.

आता सुतार तिच्यासमोर टेप ताणून उभा होता. मधली भिंत पुढे रस्त्यापर्यंत आणायची, म्हणजे एका न्हाणीघराची दोन होतील, असं बहीणभावाने ठरवलं होतं. त्या दोघांचं वाटणी झाल्यापासून फक्त याच एका गोष्टीवर एकमत झालं होतं. टेप कपड्यांच्या खोल्यांमधल्या भिंतीच्या टोकापासून निघाला, सरळ आला आणि इसोच्या मांडीवरून गेला.

"आजी, जरा हात वर करता?"

"उतरू का?"

"नको, बसा. उद्यापर्यंत बसा की."

"उद्या करवत?"

"सकाळी." सुताराला जरा लाज वाटली. "जुनं लाकूड आहे. चांगलं निघेल. पाट वगैरे करून देईन तुम्हाला."

"मोरिकाझु," इसो म्हणाली, "मग मी कुठे बसायचं?"

"आई, आता कशाला बसायचं?" मुलगा म्हणाला. पन्नाशीचा, बोलताना पोट पुढे काढणारा. "आयुष्यभर बसलीस. आता आराम कर."

"थोडे दिवस दादाकडे, थोडे दिवस माझ्याकडे," चिझुए म्हणाली. तिने आपल्या बाजूचे नवे दर आणि नवे पडदे आधीच ठरवले होते. "पाहुण्यासारखी राहा ना मस्त."

"पाहुणे जातात," इसो म्हणाली. पण तोपर्यंत दोघं पुन्हा पाणी तापवायच्या भट्टीवर आले होते.

"भट्टीचं दार तुझ्या बाजूला उघडतं," मोरिकाझु म्हणाला.

"धुराडं तुझ्या बाजूला आहे."

"धुराडं आपोआप चालतं, चिझुए. पहाटे उठून लाकडं कोण फोडणार? माझी कंबर?"

"आणि माझी काय स्टीलची आहे?"

पुरुषांच्या बाजूला वेताच्या खुर्चीत एक म्हातारा डुलकी काढत होता. तो वडिलांचा धाकटा भाऊ, सेइकिची. कावासाकीहून फक्त विधींना येतो, जेवून जातो. तो डोळे न उघडता म्हणाला, "आपल्या घरात हे पाण्यात ठरतं."

सगळ्यांनी खुर्चीकडे वळून पाहिलं. हे वाक्य दुसऱ्या कुणी उच्चारलं असतं तर चाललं असतं. पण ते सेइकिचीने म्हणावं? त्याच्या वडिलांनी एकदा दोन्ही मुलांना असंच पाण्यात बसवलं होतं. थोरला पुरुषांच्या हौदात, धाकटा बायकांच्या, मध्ये भिंत. जो आधी बाहेर येईल त्याने घर सोडायचं. पाण्यात खोटं बोलता येत नाही, असं त्या आजोबांचं मत होतं. धाकटा आधी आला आणि कावासाकीला जाऊन छत्र्यांचं दुकान काढून बसला. 'बायकांच्या हौदात हरलेले काका' ही गोष्ट नवीन वर्षाच्या जेवणावर दर वेळी व्हायची. ते स्वतः समोर बसून भात खात असले तरी व्हायची. तोकुजिरोंना पाणी चटकत नाही, त्यांच्या कातडीखाली दुसरी कातडी आहे, हीही त्याच जेवणातली गोष्ट. निकाल तेव्हा याच गल्ल्यावरून दिला गेला होता. घरात नुकत्याच आलेल्या थोरल्या सुनेने.

"चालेल," मोरिकाझु म्हणाला. "मी बाबांवर गेलोय."

"मीसुद्धा," चिझुए म्हणाली. "आधी निघेल त्याची भट्टी. आई सांगेल कोण निघालं ते."

"मी?" इसो म्हणाली.

"तुलाच तर दोन्हीकडचं दिसतं."

सुताराने टेप गुंडाळला. ही गंमत पाहायला मिळणार म्हणून तो चपलांच्या कप्प्यांजवळ पायरीवर बसून राहिला.

*

डावीकडे

पाण्याने मोरिकाझुला चावलं.

त्याने पाय घातला आणि काढला. आजूबाजूला पाहिलं. काका हौदात होता, गळ्यापर्यंत, डोक्यावर घडी केलेला छोटा टॉवेल, तोंड भिंतीवरच्या रंगवलेल्या डोंगराकडे. शिखर पुरुषांच्या बाजूला होतं. भिंतीपलीकडे बायकांना नुसता उतार आणि एक तळं मिळालं होतं. "बाबांनी मला उतार दिला," असं चिझुए विधीच्या जेवणात भिक्षूलाही सांगून आली होती.

"काका, हे एवढं गरम कुणी केलं?"

"छान आहे," काका म्हणाला.

मोरिकाझु दात आवळून पोटापर्यंत उतरला. ओरडू नये म्हणून त्याने आईच्या नावाने सुरू होणारी एक शिवी मनात म्हटली. पलीकडून चिझुएचा आवाज आला.

"दादा, बसलास का रे?"

"केव्हाचा! मला तर कोमट लागतंय!"

"मला पण! गार नळ बंद आहे ना तुझा?"

"गार नळाला हात लावणारा मी नव्हे!"

हे बोलता बोलता तो बाहेर आला होता. अगदी हळू, आवाज न करता. आधी एक मांडी काठावर, मग दुसरी. आता तो हौदाच्या कडेवर बसला होता आणि फक्त पाय पाण्यात होते. ती बाहेर येणं नव्हे, असं त्याने स्वतःशी ठरवलं. बाहेर येणं म्हणजे पूर्ण बाहेर येणं. पाय आत आहेत. शिवाय पलीकडे आवाज जायला हवा म्हणून त्याने खाली वाकून तळहाताने पाणी हलवलं.

चुबुक. चुबुक, चुबुक.

अगदी मजेत डुंबणाऱ्या माणसासारखा आवाज.

सेइकिचीने मान वळवली. त्याने पुतण्याकडे पाहिलं नाही. तो त्याच्या हाताकडे पाहत राहिला.

हा आवाज त्याला ओळखीचा होता. हा आवाज त्याने कावासाकीत, दुकानामागच्या खोलीत झोपताना ऐकला होता, बायकोच्या आजारपणात ऐकला होता, पावसात गिऱ्हाईक नसताना ऐकला होता. भिंतीच्या पलीकडे दादा निवांत डुंबतोय आणि आपण इकडे शिजतोय. मग डोळ्यांपुढे काळं होतंय. आपल्याला कुणीतरी काखेत धरून बाहेर काढतंय आणि वरून नव्या वहिनीचा बारीक आवाज येतोय, धाकटे भाऊजी आधी निघाले. तो आवाज असा तळहाताने निघतो, हे त्याला त्याच्या एवढ्या आयुष्यात सुचलं नव्हतं. किती सोपं होतं. तो स्वतः पाण्यात एवढा गुंतलेला होता की पाण्याला हाताने हलवता येतं हे त्याच्या लक्षात आलं नाही.

"काका," मोरिकाझु कुजबुजला. "बघू नका ना असं. बोलणार नाही ना?"

"कुणाला?"

"चिझुएला."

"मी?" काका पुन्हा डोंगराकडे वळला. "मी तर हरलेला माणूस. माझं कोण ऐकतं?"

*

उजवीकडे

चिझुए तर केव्हाच बाहेर होती. ती दादापेक्षा जास्त प्रामाणिक होती. तिने गळ्यापर्यंत जायचा प्रयत्न केला, कमरेलाच जीव घाबरा झाला आणि ती पाय पाण्यात सोडून कडेवर बसली. पाणी हलवायला तिने हाताऐवजी पिवळी छोटी बादली घेतली. बादलीचा आवाज जास्त भरदार येतो.

समोरच्या नळापाशी मोरिकाझुची बायको मित्सुयो पाठ चोळत होती.

"वन्सं, तुम्ही तर बाहेर," ती म्हणाली. मोठ्याने नाही.

"वहिनी, शू."

"मी सांगितलं तर यांची भट्टी सुटेल."

"आणि माझी पक्की होईल. मग माझ्या बाजूचा धंदा बसला की मी कुठे जाईन? तुमच्याच घरी येईन राहायला."

मित्सुयोचा हात पाठीवर थांबला.

"आणि अजून एक," चिझुए खाली वाकून म्हणाली. "मी वैतागून माझी बाजू सोडली, वाटणी मोडली, गल्ला राहिला, तर आईनंतर त्याच्यावर कोण बसणार? मी तर लग्न होऊन दुसऱ्या घरची."

हे मात्र लागलं. लग्न होऊन या घरात आल्यापासून मित्सुयो एकाच गोष्टीला घाबरत होती: त्या खोक्याला. सासूला अख्ख्या मोहल्ल्याच्या पाठी पाठ आहेत याचं सगळ्यांना कौतुक होतं. उद्या मुलाचे मास्तर आले, बँकेतले साहेब आले, दातांचे डॉक्टर आले, तर त्यांचं सगळं दर्शन घेऊन वर सुटे पैसे द्यायचे? सुताराला फोन तिनेच केला होता.

"करवत उद्या नक्की ना?"

"सकाळीच."

"मग मला काही दिसलं नाही. माझ्या डोळ्यांत साबण गेलाय," मित्सुयो म्हणाली, आणि खरोखरच थोडा साबण डोळ्यांत घातला.

*

भिंतीवरून

उजवीकडून: "दादा, बाहेर आलास का?"

डावीकडून: "स्वप्नात! गळ्यापर्यंत आहे!" चुबुक.

उजवीकडून: "मी हनुवटीपर्यंत!" धबाक.

डावीकडून: "एवढं पाणी कशाला आपटतेस?"

उजवीकडून: "पोहतेय."

डावीकडून: "आई! ही आहे का आत?"

वरून: "आहे तिथेच आहे."

उजवीकडून: "आणि हा?"

वरून: "हाही."

डावीकडून: "चिझुए, तू हट्टी आहेस. लहानपणीपण तू..."

उजवीकडून: "लहानपणी तू माझ्या वाटणीची कॉफीची बाटली प्यायलास आणि मांजराचं नाव सांगितलंस."

डावीकडून: "ते मांजरच होतं!"

उजवीकडून: "बाटलीचं झाकण मांजराने काढलं?"

(भिंतीवरून एक साबण येतो. मोरिकाझुच्या खांद्यावर पडतो. परत जातो. तळ्यात पडतो, म्हणजे रंगवलेल्या.)

उजवीकडून: "भट्टी घे ना दादा. मोठा आहेस."

डावीकडून: "तू घे. तुला बाबांची लाडकी म्हणायचे."

उजवीकडून: "म्हणून उतार दिला का?"

डावीकडून: "आँ... आँ... आक्छी!"

उजवीकडून: "शिंकलास? गरम पाण्यात शिंकलास?"

डावीकडून: "नाकात वाफ गेली! तुझे दात का वाजतायत?"

उजवीकडून: "हसतेय."

*

वर

फेब्रुवारीचा वारा दोन्ही दारांच्या फटींतून आत येत होता. इसोला वरून दोन ओल्या पाठी दिसत होत्या. डावी थरथरत होती, उजवी जास्त थरथरत होती. दोघांचे पाय उकळत होते आणि बाकी अंग गारठलं होतं. दोघं एकसारखे वाकून पाणी ढवळत होते, शाळेत असताना आंघोळ केल्याचं नाटक करायला ढवळायचे तसेच. तेव्हा तिने ते घरात कुणाला सांगितलं नव्हतं. शिकवलं कुणी हे तिला माहीत होतं.

पायऱ्यांवरून सुतार म्हणाला, "आजी, कोण जिंकतंय?"

"दोघंही मागे आहेत."

"म्हणजे?"

"मोरिकाझु! चिझुए!" तिने हाक मारली. तो आवाज त्या छपराखाली वर्षानुवर्षं हरवलेली मुलं, विसरलेले चष्मे आणि लांबलेल्या गप्पा बोलावून आणत आला होता. "या दोघंही बाहेर. टॉवेल गुंडाळा. पाय झाकू नका."

"आई, निकाल लागला?"

"लागतोय. गल्ल्यापाशी या. आपापल्या बाजूने. आणि पाय पुढे करा."

*

खाली

जिथे सगळ्यांनी चपला काढायच्या, तिथे, सुताराच्या नाकापुढे, गल्ल्याच्या डाव्या अंगाने दारातल्या पडद्याखालून दोन पाय आले. उजव्या अंगाने दोन.

घोट्यापर्यंत लालभडक. वर पांढरे. मध्ये रेघ इतकी सरळ की सुताराने सवयीने टेप काढला.

"अरे वा," तो म्हणाला. "सारखेच मोजे."

मोरिकाझुने वाकून पडद्याखालून पाहिलं. चिझुएनेही.

"तू बाहेर बसली होतीस!"

"तू बाहेर बसला होतास!"

"आई, तू म्हणालीस ही आहे तिथेच!"

"तिथेच होती."

"पण आधी कोण निघालं?" मित्सुयो डोळे चोळत आली. तिचे डोळे पायांपेक्षा लाल होते. "निकाल तर लागलाच पाहिजे. सुतार खोळंबलाय."

"कोण आधी निघालं ते मला माहीत आहे," इसो म्हणाली.

सगळ्यांनी वर पाहिलं. तिच्याकडे कधी कुणी असं पाहिलं नव्हतं. गिऱ्हाईक पैसे देताना खाली बघतं, घरची माणसं बोलताना दुसरीकडे.

"सांग ना."

"सांगेन. आधी तुम्ही सांगा, आज भट्टी कुणी पेटवली?"

मोरिकाझुला वाटत होतं चिझुएने. चिझुएला वाटत होतं दादाने. हे दोघांच्याही चेहऱ्यावर एकदमच उमटलं. इसोच्या बाह्यांना धुराचा वास येत होता, पण तो वास त्या घरात कुणाला ना कुणाला येतच असतो.

"मी लाकूड जरा जास्त घातलं," ती म्हणाली. "गार लागेल म्हणून."

मोरिकाझुने टॉवेल सावरला. तो विचार करत होता, आणि त्याच्या विचारात आई नव्हती, चिझुएची बादली होती. भिंतीखालून दोन्ही हौद एका नळाने जोडलेले. ही उद्यापासून तिकडे गार नळ सोडेल, इकडे माझं पाणी निवेल, जुनी गिऱ्हाइकं बोंबलतील. मला कळणार कसं? मला तर भिंत दिसेल.

"एक अडचण आहे," तो म्हणाला. "भिंत झाल्यावर ही तिकडे काय करते ते बघायचं कुणी?"

"आणि हा काय करतो ते?" चिझुए म्हणाली. "हा तर तोंडावर खोटं बोलतो. मांजर म्हणतो."

"आई वर असली तर कळेल."

"हो. आई वर असली तरच कळेल."

वडील गेल्यापासून दोघांनी एकत्र म्हटलेलं हे दुसरं वाक्य. त्यात प्रेमाचा एकही थेंब नव्हता. इसोने ते सुट्या पैशांसारखं निरखून घेतलं आणि ठेवून दिलं.

"म्हणजे गल्ला ठेवायचा?" सुतार.

"गल्ला ठेवायचा."

"मग भिंत गल्ल्याला अडते की."

"गल्ल्यापर्यंत आणून थांबवा."

"अर्धी भिंत?" सुतार उठला. त्याच्या तोंडावर पहिल्यांदाच या घराबद्दल खरा राग दिसला. "अर्धी भिंत मी घालत नाही. बापजाद्यांनी घातली नाही. लोक मला विचारतील काय झालं. पूर्ण घालायची तर बोलवा."

त्याने चपला घातल्या आणि तो निघून गेला. करवत न्यायला विसरला नाही.

"आणि भट्टी?" मोरिकाझु केविलवाणा होऊन म्हणाला.

"एक दिवस तू, एक दिवस ती," इसो म्हणाली. "कोण आधी उठतं, कोण नुसतं पांघरुणात हालचाल करून उठल्याचा आवाज काढतं, ते मी बघेन."

मित्सुयो गल्ल्याच्या कोपऱ्याला धरून उभी होती.

"तू घाबरू नकोस," सासू तिला म्हणाली. "मी एवढ्यात उतरत नाही."

एवढ्यात डाव्या पडद्यातून सेइकिची बाहेर आला. पातळ, वाकलेला, कमरेला टॉवेल, आणि गळ्यापासून पायापर्यंत उकडलेल्या ऑक्टोपससारखा लाल. गळ्यावर रेघ. दोघं बहीणभाऊ त्याला बघून हसायला लागले. चिझुए हसता हसता भिंतीला टेकली. मोरिकाझु म्हणाला, "काका, तुम्हाला कुणी सांगितलं होतं खरंच बसायला?"

*

वर

मागच्या घरातून भाताच्या वाफेचा वास आला, मंडळी जेवायला गेली. सेइकिची कपडे घालायच्या खोलीत राहिला. त्याने कपडे घातले नाहीत. गल्ल्यापाशी आला, कोटाच्या खिशातून नाणी काढून फळीवर ठेवली.

"हे काय, भाऊजी?"

"आंघोळीचे."

"घरच्यांना पैसे नसतात."

"मी घरचा कुठे? मी हरलेला."

इसोने नाण्यांना हात लावला नाही.

"वहिनी, तो आवाज हाताने निघतो."

"हं."

"दादाचे पाय?"

बाहेर रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. खोटं बोलायला तेवढा वेळ पुरला असता.

"लाल होते," ती म्हणाली. "घोट्यापर्यंत."

"आणि मी?"

"तुम्ही गळ्यापर्यंत. तुम्हाला उचलून काढलं तेव्हा ते कडेवर बसून पाय पुसत होते."

सेइकिचीने मान हलवली, दुकानात एखादी छत्री उघडत नसेल तर हलवायचा तशी. "मग तुम्ही असं का सांगितलंत?"

"मग काय करू? तुम्ही जिंकलात म्हटलं असतं तर ह्यांच्याबरोबर कावासाकीला मी जायचं." तिने गल्ल्याच्या कडेवरून हात फिरवला. ती कड तिच्या कोपरांनी गुळगुळीत झाली होती. "माहेरी आम्ही सहा बहिणी एका खोलीत. इथे आले आणि मला वर बसवलं. सगळे खालून बघत होते. मला उतरायचं नव्हतं, भाऊजी. ना तेव्हा, ना आज."

"म्हणजे माझं सगळं आयुष्य या फळीसाठी."

"छत्र्या बऱ्या खपल्या ना?"

"जूनमध्ये खपायच्या," तो म्हणाला. आणि मग त्याला हसू आलं. ते आधी नाकातून आलं, मग खोकल्यातून, मग त्याला फळी धरून उभं राहावं लागलं. ती हसली नाही. त्याचं हसू संपेपर्यंत तिने वाट पाहिली आणि फळीवरची नाणी एकेक करून त्याच्याकडे सरकवली.

"परत घ्या," ती म्हणाली. "मालकांकडून घेत नाहीत."

त्याने नाणी मुठीत धरली. वर पाहत विचारलं, "वर कसं वाटतं हो?"

"वारा लागतो."

तो मागे वळला, डोक्यावर टॉवेल ठेवला आणि काचेचं दार सरकवून आत गेला. पाण्याचा आवाज आला. हाताचा नव्हे, माणूस उतरल्याचा.

"वहिनी! उतरलो! बघताय ना?"

काचेवर वाफ धरली होती. तिला काही दिसत नव्हतं, डोंगरही नाही. इसो गल्ल्यावर ताठ बसली आणि मागच्या घरात जेवणारांच्या हातातल्या काड्या थांबतील एवढ्या मोठ्याने ओरडली,

"धाकटे भाऊजी अजून पाण्यात आहेत! गळ्यापर्यंत!"